लसीच्या भीतीवरचा पेपर, खुलं प्रकाशन आणि रंगीत वर्तुळातला आकडा

प्रश्न थोडक्यात असा. नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापकांनी २०२१ मध्ये धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत कोविड लसीच्या भीतीबद्दल सर्वेक्षण केलं. आधी मेडआर्काइव्ह या आरोग्यविषयक संकेतस्थळावर प्रीप्रिंट (तज्ज्ञपरीक्षणाआधीचा मसुदा) टाकला. २०२२ मध्ये पेपर एका परदेशी नियतकालिकात आला, पण वर्गणी भरणाऱ्यांनाच वाचता येईल असा. पेपरच्या बाजूला रंगीत वर्तुळात दिसणारा अल्टमेट्रिकचा (पेपरचे ऑनलाइन उल्लेख मोजणाऱ्या सेवेचा) आकडा ३. साधारण त्याच विषयावरच्या पुण्यातल्या एका गटाचा २०० च्या पुढे. आता ते विचारतात की अडीच लाख रुपये भरून पेपर खुला करून घ्यावा का, त्यानं आकडा वाढेल का, आणि बढतीच्या फायलीत या आकड्याला काही किंमत आहे का.

सर, पैसे भरू नका. पेपर खुला जरूर करा, पण ते फुकटात होतं. कसं ते खाली सविस्तर दिलं आहे. आकडा त्यानं वाढेलच असं नाही, कारण तुमच्या पेपरचे जे खरे वाचक असायला हवेत ते त्या आकड्यात जवळजवळ मोजलेच जात नाहीत. बढतीचं शेवटी बघू.

आधी तुमचा ३ कशाचा बनलाय ते पाहा. रंगीत वर्तुळावर क्लिक केलं की पूर्ण यादी उघडते: कोणी, कधी, कुठे उल्लेख केला. ढोबळ हिशेब असा की बातमीला ८, ब्लॉगला ५, विकिपीडियाला ३, धोरणविषयक दस्तऐवजाला ३ आणि फेसबुकच्या सार्वजनिक पानावरच्या उल्लेखाला पाव. एकाच खात्यावरून तीच लिंक दहा वेळा टाकली तरी ती एकदाच धरतात. मेंडेली या संदर्भ साठवण्याच्या साधनात किती जणांनी पेपर साठवला ते दिसतं, पण आकड्यात येत नाही. इतर पेपरांमधली उद्धरणंही येत नाहीत.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एखाद्या वृत्तसंस्थेची एकच बातमी २५ संकेतस्थळांनी शब्दही न बदलता चढवली तर २५ गुणिले ८, झाले २००. (प्रत्यक्षात वृत्तपत्राच्या व्याप्तीनुसार वजन कमीजास्त होतं, पण अंदाज यायला हे पुरे.) आणि तुमचे ३ हे एखाद्या सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक दस्तऐवजातल्या एकुलत्या उल्लेखाचे असू शकतात. तसं असेल तर माझ्या मते तुमचे ३ त्या २०० पेक्षा वजनदार आहेत. यादी न उघडता आकड्यांची तुलना करण्यात काही हशील नाही.

दुसरी शक्यता जास्त साधी आहे. प्रीप्रिंटचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) वेगळा, छापील पेपरचा वेगळा. २०२१ मध्ये जी काही चर्चा झाली ती प्रीप्रिंटच्या डीओआयवर जमा झालेली असते आणि पेपर बाहेर पडेपर्यंत विषय थंडावलेला असतो. म्हणून प्रीप्रिंटचं पानही उघडून बघा. तिथं ‘हा आता अमुक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे’ अशी ओळ दिसते का? मेडआर्काइव्ह शीर्षक आणि लेखकांची नावं जुळवून ही जोडणी आपोआप करतं. परीक्षकांच्या सांगण्यावरून शीर्षक बदललं, एखादा लेखक वाढला की जुळणी चुकते. मग दोन्ही डीओआय देऊन त्यांना मेल टाकायचा, ते हातानं जोडतात. ती ओळ नसली की तीन वर्षांनंतरही लोक तुमची जुनी, न तपासलेली आकडेवारीच उद्धृत करत राहतात. हे काम सगळ्यात आधी उरका.

नावाचाही घोळ बघून घ्या. खानदेशात ‘पाटील आर. एस.’ नावाचे संशोधक शोधायला गेलात तर विद्यापीठ भरेल, आणि पावरा, वसावे, वळवी यांचंही तेच. संशोधकाची स्वतंत्र ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक नसेल तर घ्या. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. त्यात भर म्हणजे २०१८ मध्ये विद्यापीठाचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. पेपरवर कोणी जुनं नाव लिहितं, कोणी नवं, कोणी नुसती आद्याक्षरं, आणि सूचींमध्ये एकाच संस्थेच्या तीन संस्था होतात. विभागातल्या सगळ्यांनी एकच स्पेलिंग ठरवून तेच वापरावं.

आता साथीच्या काळाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नामागे ‘तेव्हा खुलं होतं म्हणून गाजलं’ अशी समजूत दिसते. तसं सरळ नाही. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात विषाणूचा जनुकीय क्रम खुलेपणानं उपलब्ध झाला. ३१ जानेवारीला वेलकम ट्रस्टच्या पुढाकारानं अनेक प्रकाशकांनी आणि निधी देणाऱ्या संस्थांनी जाहीर केलं की या साथीशी संबंधित पेपर लगेच खुले ठेवू, निदान साथ असेपर्यंत. म्हणजे त्या काळात कोविडवरचं बहुतेक साहित्य वाचायला मोफत होतं. एवढं मोफत असताना एक पेपर हजारोंनी वाचला आणि दुसरा कोणी बघितला नाही, याचं कारण मोफतपणात सापडणार नाही. ते विषयात, वेळेत आणि बातमीत आहे. खुल्या पेपरना उद्धरणं काहीशी जास्त मिळतात असं साथीच्या आधीचे अभ्यास सांगतात. पण तो फरक टक्क्यांचा आहे, ३ चे २०० करणारा नाही.

आणि गाजणं म्हणजे मान्यता, हेही त्या वर्षानं खोटं ठरवलं. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या प्रीप्रिंट संकेतस्थळावर आला; कोरोनाच्या काट्याच्या प्रथिनात एचआयव्हीशी ‘विलक्षण’ साम्य असलेले तुकडे आहेत असा त्याचा दावा. जगभर चर्चा झाली, तज्ज्ञांनी त्याच पानाखाली टिप्पण्यांमध्ये चुका दाखवल्या, आणि दोन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. ‘हे प्राथमिक अहवाल आहेत, तज्ज्ञपरीक्षण झालेलं नाही’ ही पिवळी पट्टी त्याच सुमारास बायोआर्काइव्हवर झळकू लागली. त्या प्रीप्रिंटचा आकडा मात्र मागे घेतल्यावर शून्य झाला नाही. होतही नाही.

परीक्षण झालेल्या पेपरची गोष्टही बघा. २२ मे २०२० ला लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर पेपर आला: ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण, औषधानं मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. शंभराहून अधिक संशोधकांनी खुलं पत्र लिहून मूळ माहिती मागितली. माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीनं ती स्वतंत्र तपासणीला दिली नाही. ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. पेपर वाचायला मोफत होता, कुलूप माहितीवर होतं. म्हणून पेपर खुला करताना प्रश्नावली आणि माहितीसंचाचं काय, हा प्रश्न त्याच बैठकीत सोडवायचा असतो.

तिसरं उदाहरण चांगल्या बाजूचं आहे, आणि तुमच्यासाठी तेच सगळ्यात उपयोगी. ब्रिटनच्या रिकव्हरी या औषधचाचणीनं डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल १६ जून २०२० ला पत्रकातून जाहीर केला, २२ जूनला प्रीप्रिंट टाकला, १७ जुलैला तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. प्रीप्रिंट वाचणाऱ्या डॉक्टरला जवळजवळ महिनाभर आधी नेमकी मात्रा कळली: रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. त्याच पानावर हेही होतं की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना फायदा दिसला नाही. मथळ्यांत आणि फॉरवर्डमध्ये पहिलं वाक्य राहिलं, दुसरं गळलं. २०२१ च्या लाटेत म्युकरमायकोसिस वाढला तेव्हा मधुमेहाबरोबर स्टेरॉइडच्या बेसुमार वापराकडे बोट दाखवलं गेलं. पेपरवर चर्चा भरपूर झाली होती. अट मात्र पोचली नव्हती.

आता पेपर फुकटात खुला करण्याची रीत. प्रकाशकांचे नियम दाखवणारं ओपन पॉलिसी फाइंडर हे संकेतस्थळ उघडा. पूर्वी हेच शेर्पा रोमिओ होतं. नियतकालिकाचा आयएसएसएन (ओळख क्रमांक) टाका. तीन ओळी दिसतील: सादर केलेली प्रत, स्वीकृत प्रत, प्रकाशित प्रत. तुम्हाला मधली हवी. स्वीकृत प्रत म्हणजे परीक्षकांच्या सगळ्या दुरुस्त्या झाल्यानंतरची, पण प्रकाशकाची मांडणी आणि पृष्ठांक येण्याआधीची तुमची स्वतःची वर्ड फाइल. स्वीकृतीच्या मेलच्या आधी शेवटची पाठवलेली तीच. बहुतेक प्रकाशक ती सहा, बारा किंवा चोवीस महिन्यांनी ठेवू देतात. २०२२ च्या पेपरची ही मुदत केव्हाच उलटली आहे. लोक इथं हमखास चुकतात ते प्रकाशकाची देखणी पीडीएफ चढवण्यात. मग काढून टाकण्याची नोटीस येते आणि खुलं प्रकाशन म्हणजे भानगड असा समज विभागभर पसरतो.

विद्यापीठाचं संस्थात्मक भांडार चालू असेल तर तिथं ठेवा, नाहीतर झेनोडोवर. झेनोडो हे खुलं भांडार सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं आहे, २०१३ पासून चालू आहे, आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं, म्हणजे आपल्याला जागेची चिंता नाही. पहिल्या पानावर लिहा की ही स्वीकृत प्रत आहे, अंतिम आवृत्ती अमुक डीओआयवर आहे. नोंद भरताना ‘संबंधित काम’ या भागात मूळ पेपरचा आणि प्रीप्रिंटचा असे दोन्ही डीओआय द्या. झेनोडो दोन डीओआय देतं, एक त्या आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांचा. लोकांना दुसरा द्या, म्हणजे पुढे दुरुस्ती केली तरी लिंक ताज्या प्रतीवर जाते. एकदा प्रसिद्ध केलं की फाइल सहजासहजी बदलता येत नाही, सहसा नवी आवृत्तीच काढावी लागते. म्हणून बटण दाबण्याआधी पीडीएफमध्ये परीक्षकांच्या शेऱ्यांचे लाल फुगे राहिले नाहीत ना, ते बघा. काही दिवसांनी अनपेवॉल या मोफत प्रती शोधून देणाऱ्या सेवेवर शीर्षक आणि लेखक जुळले की वाचकाला मोफत प्रत आपोआप दिसू लागते.

परवान्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, आणि आपल्या भागात खरी अडचण तिथंच येते. मेडआर्काइव्हवर टाकताना परवाना निवडायला सांगतात आणि बरेच जण भीतीपोटी आवळ परवाना निवडतात: व्यावसायिक वापर नाही, बदल नाही. भाषांतर हा बदलच धरला जातो. म्हणजे उद्या शहाद्याच्या एखाद्या संस्थेला तुमचा प्रीप्रिंट पावरीत किंवा अहिराणीत करून पुस्तिका वाटायची असेल, तर तुमच्या निवडीनं तुम्हीच तिला अडवलेलं असतं. सीसी बाय (फक्त श्रेयाची अट असलेला परवाना) निवडला तर श्रेय देऊन भाषांतर करता येतं. स्वीकृत प्रतीचा परवाना प्रकाशक ठरवतो आणि तो अनेकदा ‘बदल नाही’ असाच असतो. त्यावर उपाय म्हणजे पेपरच्या वाक्यांना हात न लावता निष्कर्षांवर मराठीत नवा मजकूर लिहायचा. निष्कर्षांवर कोणाची मालकी नसते, शब्दांवर असते. तो मजकूर सीसी बाय लावून वेगळ्या नोंदीत ठेवा. प्रश्नावलीसाठीही हेच: भिली-पावरी प्रश्नावली ही पेपरइतकीच मोलाची वस्तू आहे, आणि पुढच्या पेपरच्या वेळी ती प्रकाशकाला देण्याआधीच झेनोडोवर ठेवून द्या.

साथीत ‘मोफत’ ठेवलेल्या अनेक पेपरना परवानाच नव्हता. पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या मोफत संग्रहात काहींच्या डोक्यावर अजून प्रकाशकाची ओळ दिसते की ही मुभा आमचं कोविड माहिती केंद्र चालू असेपर्यंतच आहे. ५ मे २०२३ ला आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. असे पेपर कधीही पुन्हा बंद होऊ शकतात. अभ्यासक्रमात त्यांची लिंक दिली असेल तर तपासून घ्या. त्यांतली आकृती उचलून पुस्तिकेत लावायची तर परवानगी लागेल, वाचायला मोफत असली तरी.

माहितीसंच चढवण्याआधी थांबा. नाव आणि फोन काढले म्हणजे माहिती निनावी झाली असं धडगावात होत नाही. पाड्याचं नाव, वय ३४, स्त्री, शिक्षण पदवी, व्यवसाय आशा कार्यकर्ती: एवढ्यावर अख्खं गाव ओळखतं की ही कोण. पाड्याऐवजी तालुका ठेवा, वयाचे गट करा, मुलाखतीच्या तारखेऐवजी महिना. मग तालुका, वयोगट, लिंग, शिक्षण असं एकत्र लावून मोजा. एखाद्या खान्यात पाचपेक्षा कमी माणसं उरली तर गट आणखी मोठे करा. मोकळी उत्तरं, ध्वनिमुद्रणं सार्वजनिक ठेवू नका. आणि नीतिमत्ता समितीच्या मंजुरीत व संमतीपत्रात माहिती पुढे खुली करण्याचा उल्लेख नसेल तर समितीकडे परत जायला लागेल. तिथं पळवाट नाही.

तुमच्या वाचकांकडे येऊ. जळगाव-धुळ्याच्या दैनिकात बातमी आली की तिचं ई-पेपरवरचं कात्रण जेपीजी होऊन व्हॉट्सअपवर फिरतं. चित्रातला मजकूर, त्यात लिंक नाही, आणि गट खासगी. अल्टमेट्रिकला यातलं काही दिसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नंदुरबारच्या ऑक्सिजन प्रकल्पांची बातमी देशभर गाजली, पण बातमीला डीओआय नसतो; चर्चा झाली ती विज्ञानाच्या कुठल्या खात्यात जमा झाली नाही.

म्हणून मराठी सारांश लिहा, ३५० ते ४०० शब्दांत. पहिल्या तीन ओळींत कुठे, कोणत्या महिन्यांत, किती जणांना विचारलं. मुख्य निष्कर्ष छेदासह: नुसते टक्के नकोत, कितीपैकी किती ते सांगा. एक परिच्छेद या अभ्यासावरून काय म्हणता येत नाही यासाठी राखून ठेवा. डेक्सामेथासोनसारखी अट असेल तर ती शीर्षकातच घ्या, म्हणजे कापणाऱ्याला कापता येणार नाही. शेवटी पूर्ण डीओआय लिंक. पावरीत दोन मिनिटांचा ऑडिओ केलात तर त्याचीही नोंद होते. बातमीदाराला सारांश देताना ऑनलाइन आवृत्तीत लिंक ठेवा एवढी एकच विनंती करा. व्हॉट्सअपवर चित्राऐवजी मजकूर आणि झेनोडोची लिंक टाका. प्राथमिक आरोग्य केंद्रात फलक लावणार असाल तर क्यूआर कोड त्याच लिंकवर न्या. झेनोडो प्रत्येक नोंदीची पाहणी आणि डाउनलोड मोजतं. व्हॉट्सअपवरून आलेला मोलगीचा वाचक अल्टमेट्रिकला अदृश्य असतो, तो इथं निदान संख्येत तरी येतो.

पुढच्या पेपरसाठी शुल्काबद्दल थोडं. जाहीर केलेल्या शुल्कात कर धरलेला नसतो. गरीब देशांसाठीच्या आपोआप सवलतीत भारत सहसा बसत नाही, आपली अर्थव्यवस्था मोठी म्हणून. विनंतीवरून मिळणारी सवलत पेपर पाठवतानाच मागायची असते, स्वीकारल्यावर मागितली तर दार बंद. लेखकाकडून पैसे न घेणारी नियतकालिकं डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत ‘शुल्क नाही’ अशी चाळणी लावून सापडतात. ‘तीन दिवसांत छापतो, १५०० रुपये’ असे मेसेज येतात त्यांच्यासाठी सोपी चाचणी: त्यांच्या एखाद्या जुन्या लेखावरचा डीओआय doi च्या अधिकृत पानावर टाका. ‘सापडला नाही’ असं आलं तर तो क्रमांक नुसता छापलेला आहे, नोंदवलेला नाही. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ही पारख आता आपल्यावरच आहे.

राहिली बढतीची फाइल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतल्या संशोधन गुणांच्या तक्त्यात पेपर आहे, पुस्तक आहे, पेटंट आहे. ऑनलाइन चर्चेला रकाना नाही. म्हणून ३ किंवा २०० असा आकडा लिहूच नका, समितीतला कोणी विचारेल की याचा अर्थ काय. लिहायचंच तर स्वतःच्या निवेदनात एका वाक्यात, तपासता येईल असं: अमुक संस्थेच्या अमुक वर्षाच्या दस्तऐवजात पान अमुकवर या पेपरचा आधार घेतला आहे, प्रश्नावली खुली आहे आणि अमुक अभ्यासात वापरली गेली आहे, मराठी सारांशाची इतकी डाउनलोड, अमुक तारखेपर्यंत. तारीख विसरू नका, कारण समिती बसेपर्यंत आकडा बदललेला असतो.